चौकची भरती

हलवायाला गोडाची शिसारी असावी, तसं दशरथ आढावचं होतं. बॅप्टिस्ट मंडळीचा, म्हणजे त्या ख्रिस्ती पंथाच्या चर्चचा पाळक, आणि पाण्याला भ्यायचा. नुसता बिचकायचा नाही. पाणी गुडघ्याच्या वर आलं की त्याचे पाय लटपटायचे. दुसऱ्या एखाद्या पंथात हे खपून गेलं असतं. तिथे पाळक तान्ह्या बाळाच्या टाळूवर ओंजळभर पाणी शिंपडतो आणि सगळे चहा प्यायला मोकळे होतात. बॅप्टिस्टांचं तसं नाही. त्यांच्यात जाणत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून, माणसाने अख्खं पाण्याखाली जायचं आणि वर यायचं. करंगळीसुद्धा कोरडी राहता कामा नये. आणि हा बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकाला आधी स्वतः कंबरभर पाण्यात उभं राहावं लागतं.

दोष दशरथचा नव्हता, त्याच्या गावाचा होता. तो नगर जिल्ह्यातल्या कोरड्या पट्ट्यातला. तिथे पोहायला शिकायचं तर पाणीही उसनं आणावं लागलं असतं. त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा मुंबईच्या एका मोठ्या मंडळीत, चर्चमध्येच बांधलेल्या टाकीत झाला होता. तेव्हा त्याने तिथल्या म्हाताऱ्या पाळकांचा टाय असा काही आवळून धरला की वर येईतो पाळकच कासावीस झाले. जमलेल्या लोकांना वाटलं, पोरगा पवित्र आत्म्याने थरथरतोय. दशरथने तो गैरसमज कधी दूर केला नाही.

असल्या माणसाने समुद्राकाठी चर्च काढावं, यात देवाचा काय विनोद होता कुणास ठाऊक. पण झालं ते असं.

सत्त्याऐंशी साली दशरथ आणि त्याची बायको उर्मिला भायखळ्याची खोली सोडून भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागे उभ्या राहिलेल्या नव्या बिल्डिंगीत राहायला आले. दशरथ एका सरकारी महामंडळात आस्थापना शाखेत हेडक्लार्क, उर्मिला बालवाडीत बाई. रविवारी उपासनेसाठी मुंबई गाठायची म्हणजे सुट्टीचा दिवस त्यातच जायचा, म्हणून त्यांनी पुढच्या खोलीत चटई घालून घरीच उपासना सुरू केली. आधी दोघंच. मग पलीकडच्या बिल्डिंगीतल्या कांताबाई शिंगारे आल्या. त्यांच्यामागून त्यांचा सगळा गोतावळा आला, कारण कांताबाई जिथे जात तिथे सात घरं मागे जात. मग रेल्वेतले वाल्मिकराव आले आणि त्यांची ढोलकी आली. मुंबईच्या मंडळीने हे सगळं बघून दशरथच्या डोक्यावर हात ठेवले आणि त्याला रीतसर पाळक नेमलं. नोकरी सोडायची गरज नव्हती. सहा दिवस फायली, सातव्या दिवशी उपदेश.

ढोलकीने मात्र सोसायटीचं डोकं उठलं. सेक्रेटरी भला माणूस होता. त्याने जिना चढून येऊन हात जोडून सांगितलं, की तुमचा देव बहिरा नाही हे आम्हाला मान्य आहे, पण खालच्या मजल्यावरच्या आजोबांना रविवारी जरा झोपू द्या.

जागा मिळवून दिली ती कांताबाईंनी, पापलेटाचा भाव करता करता. समुद्राकाठच्या चौक गावची कोळीण आग्नेसबाय रोज सकाळी टोपली घेऊन केबिन रोडला बसायची. तिच्या मुलांनी मोठी बोट घेतल्यापासून किनाऱ्यावरची जाळी ठेवायची खोप रिकामी पडली होती. आता चौक, डोंगरी हा सगळा भाग पिढ्यान् पिढ्यांचा कॅथलिक. तिथे आपल्यासारख्या उपऱ्यांनी जाऊन वेगळी चूल मांडायची, या विचाराने दशरथ चार दिवस नीट जेवला नव्हता. आग्नेसबायने त्याला खोपीच्या दारात उभं करून आपादमस्तक न्याहाळलं.

"येशूचीच गानी बोलता ना?" तिने विचारलं.

दशरथ हो म्हणाला.

"मंग बोला. पन माज्या बोंबलांवर कोनाचा पाय पडला तं ऐकायची न्हाय."

झालं. एकोणनव्वद सालच्या ईस्टरपासून मंडळी भाईंदर पश्चिमेहून बस पकडून चौकला जाऊ लागली. बांबूंवर बोंबील वाळत घातलेले असत, त्यांच्यामधून साड्या सावरत बायका खोपीत शिरत. पवित्र शास्त्राच्या पानांना सुक्या मासळीचा वास लागला तो लागलाच. पण इथे ढोलकी कितीही वाजवा, समुद्र तिच्यापेक्षा मोठ्याने वाजायचा. माणसं वाढली, चटया कमी पडू लागल्या. दुसऱ्या नाताळला आग्नेसबायच्या सुनांनी दारात उभं राहून गाणी ऐकली आणि पुडाभर करंज्या देऊन गेल्या.

सगळं छान चाललं होतं. अडत होतं फक्त एक. मंडळी बॅप्टिस्ट, दारात अरबी समुद्र, आणि दोन वर्षांत बाप्तिस्मा एकाचाही नाही.

लोक मागत नव्हते असं नाही. दशरथ पुढे ढकलत होता. थंडीत म्हाताऱ्यांना बाधेल, उन्हाळ्यात वाळू पोळते, पावसाळ्यात दर्या खवळलेला. मग मुलांच्या परीक्षा. हे संपलं की बाप्तिस्म्याआधीच्या शिकवणीचे धडे अजून व्हायचे आहेत. ते धडे त्याने इतके लांबवले की कांताबाईंना तोंडपाठ झाले आणि एका रविवारी तो खोकत होता तर पुढचा धडा त्यांनीच घेऊन टाकला.

आणि यात सगळ्यात जास्त कोंडी झाली होती ती उर्मिलाची. ती शिंपडणाऱ्यांच्या घरातली, म्हणजे पाळण्यात असतानाच ओंजळभर पाण्यावर भागवलेली. बॅप्टिस्टांच्या हिशेबी तो बाप्तिस्मा नव्हे. आणि बाप्तिस्मा नाही तर प्रभुभोजनात वाटा नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट रांगेतून फिरत तिच्यापर्यंत यायचं. बाप्तिस्मा राहिलेल्या बाकीच्यांसारखीच ती ते दोन्ही हातांनी घ्यायची आणि तसंच पुढे सरकवायची. सकाळी उठून ती भाकरी तिनेच भाजलेली असायची. पाळकाची बायको आपल्याच नवऱ्याच्या मंडळीत उपाशी बसते, हे दशरथला समोरून दिसायचं आणि त्याच्या जिवाला लागायचं. त्याने दोनदा सुचवून पाहिलं, की मुंबईच्या टाकीत जाऊन घे ना, तिथे तासाभराचं काम आहे. ती "बघू" म्हणायची आणि विषय बदलायची. कधी भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे.

शेवटी एक्क्याण्णवच्या दिवाळीनंतर कांताबाईंनी निर्वाणीचं सांगितलं. नाताळच्या आत इथे झाला तर ठीक, नाहीतर आमची सात घरं मुंबईच्या टाकीत जाणार. आणि जिथे बाप्तिस्मा तिथलेच सभासद, हा तुमचाच सहावा धडा आहे, पाळकसाहेब. सात घरं गेली की चौकच्या मंडळीत उरणार होते दशरथ, उर्मिला, वाल्मिकराव आणि ढोलकी.

दशरथने मनातल्या मनात एक पळवाट काढली. ओहोटीला पाणी उथळ असतं, तेव्हा उरकून घेऊ. आग्नेसबायला त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, की पाणी सगळ्यात कमी कधी असतं. ती पोट धरून हसली. ओहोटीला इथे पाणी नसतंच, नुसता गुडघाभर चिखल, तिने सांगितलं. त्यात लोकांना लोळवलंत तर बाप्तिस्मा न्हाय, म्हशी होतील. पुनवेच्या आसपासच्या रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला भरती येते आणि भरल्यावर पाणी घटकाभर शांत उभं राहतं, तेव्हा करा. पळवाट बुजली. दशरथने "बरं झालं सांगितलंत" म्हटलं आणि घरी येऊन पांघरूण घेऊन पडला.

तरी सूचना काढावीच लागली. वीस वर्षं महामंडळाच्या जाहिरातींचे मसुदे लिहिलेला हात. तो दुसऱ्या भाषेत लिहिणार कसा? त्याने लिहिलं: 'जाहीर सूचना. बॅप्टिस्ट मंडळी, चौक. येत्या रविवारी भरती. इच्छुकांनी पांढऱ्या पोशाखात सकाळी दहा वाजता समक्ष हजर राहावे. सोबत टॉवेल व कपड्यांचा एक जोड आणावा. पूर्वतयारी झालेल्यांना प्राधान्य. प्रवासखर्च मिळणार नाही.' हा कागद खोपीच्या दाराला लावायचा होता. पण वाल्मिकराव उत्साही. त्यांनी त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि केबिन रोडच्या दुकानांवर, स्टेशनच्या पुलाखाली, एका केशकर्तनालयाच्या आरशालासुद्धा चिकटवल्या.

रविवारी सकाळी दशरथने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. उर्मिलाने पांढरी साडी घडी करून पिशवीत ठेवलेली त्याने पाहिली आणि तापाचा विचार सोडून दिला. बसमध्ये तो आणखी एक निमित्त शोधत होता. लोक कमी आले तर पुढच्या महिन्यावर टाकता येईल, असं त्याने ठरवलं.

चौकच्या स्टॉपवर उतरला तर खोपीपुढे ही गर्दी. पांढरे शर्ट, पांढऱ्या पँटी, खांद्यावर टॉवेल, काखेत प्लास्टिकच्या पिशव्या. सगळी तरणी पोरं, आणि एकही चेहरा ओळखीचा नाही. आग्नेसबायने त्यांना बोंबलांपासून लांब, रांगेत उभं केलं होतं. दशरथचे डोळे भरून आले. उपदेशात येशूकडे येणाऱ्या माणसांचं पीक अमाप असल्याचं तो नेहमी सांगायचा, पण ते एवढ्यावर येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

रांगेतला पहिला मुलगा पुढे झाला. नाव संघर्ष, मूळचा परभणीचा, बीकॉम होऊन दोन वर्षं झालेली. "गुड मॉर्निंग सर. पोस्ट कुठली आहे ते लिहिलं नव्हतं," तो अदबीने म्हणाला. "आणि स्विमिंगची टेस्ट कंपल्सरी आहे काय? कारण मला जास्त जमत नाही."

दशरथने त्याच्या हातातला कागद घेतला. स्वतःचाच मजकूर त्याने पहिल्यांदा परक्या डोळ्यांनी वाचला: येत्या रविवारी भरती. इच्छुकांनी समक्ष हजर राहावे. बॅप्टिस्ट मंडळी म्हणजे पोरांना कुठली तरी बोटीची कंपनी वाटली होती. टॉवेल, कपडे आणि समुद्रकिनारा यांनी बाकीचं काम केलं. समुद्राची भरती आणि नोकरीची भरती, दोन्हींना मराठीत शब्द एकच, हे आस्थापना शाखेतल्या हेडक्लार्कला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

त्याने हात जोडून खरं काय ते सांगितलं. मग कांताबाईंना हसू फुटलं, आणि त्यांचं हसू साथीच्या रोगासारखं. पोरं हसली, आग्नेसबाय हसली, वाल्मिकराव खाली मान घालून हसले. दोघं-तिघं वैतागून बसस्टॉपकडे गेली. बाकीच्यांना उर्मिलाने जाऊ दिलं नाही. इतक्या लांब आलात, कालवण-भात खाऊन जा, ती म्हणाली, आणि आग्नेसबायने सुनांना मोठं पातेलं काढायला पिटाळलं. संघर्षने सांगून टाकलं, की आम्ही बुद्धाला मानतो, पण आलोच आहोत तर ही भरती असते कशी ते बघून जाऊ.

झालं, दशरथची शेवटची आशाही मावळली. लोक कमी नव्हते. उलट आजवर कधी नव्हते एवढे होते, आणि उपासना संपल्यावर सगळे त्याच्यामागे पाण्याकडे निघाले. बाराचं ऊन होतं. समुद्र भरून आला होता आणि आग्नेसबाय म्हणाली होती तसा शांत उभा होता. दशरथ घोट्यापर्यंत गेला. गुडघ्यापर्यंत गेला. तिथे त्याचे पाय वाळूत रोवले गेले ते हलेनात. मागे कांताबाई पांढऱ्या साडीचा काष्टा मारून पहिल्या नंबरला तयार. काठावर गाणं सुरू झालं, एक कडवं झालं, दोन झाली. गाणं संपलं तरी पाळक गुडघाभर पाण्यातच.

त्याने चष्मा सावरत मागे वळून काठाकडे पाहिलं. रांगेत सगळ्यात शेवटी उर्मिला उभी होती, साडीवर टॉवेल लपेटून. ती त्याच्याकडे बघत नव्हती. पायाशी येणाऱ्या पाण्याकडे बघत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट येताना ती जशी बघते, तशीच. दशरथला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"कांताबाई," तो हळूच म्हणाला, "मला पाण्याची फार भीती वाटते. पहिल्यापासून. म्हणून हे सगळं लांबवलं मी."

कांताबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. दोन वर्षांचे धडे त्यांच्या चेहऱ्यावरून झरझर सरकून गेले असावेत. "असं होय," त्या म्हणाल्या. "आणि मी काय मासोळी आहे? मी बीडची. रात्रभर डोळा नाही लागला माझा. चला, दोघं मिळून भिऊ."

आणि त्यांनी त्याचा दंड धरला. कोण कुणाला नेत होतं हे काठावरून कळत नव्हतं. मांडीपर्यंत पाणी आलं, कमरेपर्यंत आलं. दशरथने डोळे मिटून पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने म्हटलं आणि कांताबाईंना मागे झुकवलं. कांताबाई भरभक्कम बाई. त्या गेल्या त्या पाळकाला घेऊनच गेल्या. काठावर गलका झाला. मग आधी कांताबाई वर आल्या, "हालेलुया" म्हणत, आणि त्यांच्यामागून पाळक, खोकत, नाकातोंडातून खारं पाणी गाळत, चष्मा दर्याला वाहून.

दशरथ उभा राहिला. हात चाचपले, पाय चाचपले. सगळा जिथल्या तिथे होता. पाण्याखाली गेला होता आणि वर आला होता, हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत वाल्मिकराव पुढे येऊन उभे राहिले होते. शिवाय चष्मा गेल्यामुळे समोरचा समुद्र आता नुसता निळा-पांढरा धुरळा दिसत होता, आणि न दिसणाऱ्या गोष्टीला किती भ्यायचं यालाही मर्यादा असते. त्याने वाल्मिकरावांना घेतलं. मग एकामागून एक सात घरं घेतली. पाय लटपटत होतेच. पण लटपटत्या पायांनीही उभं राहता येतं, हे त्याला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसाची गंमत पुढे बरीच वाढली. पोरांना फुकट हेलपाटा पडला याची चुटपुट दशरथला लागून राहिली, म्हणून त्याने दर शनिवारी संध्याकाळी खोपीत त्यांना अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत काय बोलायचं, ते शिकवायला घेतलं. आस्थापना शाखेतली वीस वर्षं अशी कामी आली. संघर्ष पहिल्याच वर्षी बँकेत लागला. तो बुद्धाचाच राहिला आणि दर नाताळला पेढे घेऊन येत राहिला. काही पोरं शनिवारची रविवारीही रेंगाळू लागली, त्यातली काही मंडळीत आली, बहुतेक नुसती ढोलकी वाजवून गेली. पंचाण्णव साली खोपीच्या जागी विटांचं, पत्र्याच्या छपराचं छोटं चर्च उभं राहिलं, आणि आग्नेसबायने भिंतीचा पहिला घमेलाभर माल स्वतः उचलून दिला. दारावर मंडळीचं लांबलचक नाव रंगवलेलं आहे. पण रिक्षावाल्याला ते सांगून उपयोग नाही. त्याला चौकची भरती म्हणावं लागतं.

हे सगळं नंतरचं. त्या रविवारी पाण्यात अजून एक जण यायचं राहिलं होतं.

उर्मिला आली तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं, त्यामुळे दशरथला तिच्यासाठी आणखी चार पावलं आत जावं लागलं. ती चार पावलं तो गेला. जवळ येईपर्यंत तिचा चेहरा त्याला दिसला नाही. दिसला तेव्हा विधीचे शब्द बाजूला राहिले.

"उर्मिला, इतकी वर्षं ताट पुढे सरकवत बसलीस," तो म्हणाला. "मुंबईला जाऊन घेतला असतास तर काय बिघडलं असतं?"

उर्मिलाने टॉवेल काठाकडे भिरकावला आणि त्याच्या हातावर पाठ टेकली.

"बुडवायला काय, कुणीही बुडवलं असतं," ती म्हणाली. "वर काढणारा आपला हवा होता. आता बोला लवकर, थंडी वाजतेय."

दशरथ बोलला. ती पाण्याखाली गेली, आणि या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. दोन्ही हातांनी त्याने तिला वर काढलं. ती डोळ्यांतलं पाणी निपटत हसत होती आणि काठावर आग्नेसबायच्या सुना गाण्याचा सूर चुकवत मोठ्याने गात होत्या. मग दोघं बाहेर निघाले. पाणी घोट्यापर्यंत आलं तरी दशरथने तिचा हात सोडला नाही.